‘जज’ला मराठीत काय म्हणतात

डोंबिवली पूर्व
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चित्रा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले. आमच्या दोन खोल्यांत इकडे शिंकलं तर तिकडून रुमाल येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावं तर माझा फोन दिवसभर सान्वीच्या हातात. नऊ वर्षांची नात माझे सगळे मेसेज मोठ्याने वाचून दाखवते, तेही तिच्या आईला. आणि विषय तिच्या आईचाच आहे.

तू सदतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलंस, म्हणून तुलाच विचारते. ‘जज करणं’ म्हणजे नक्की काय?

झालं असं. परवा ऐश्वर्या बँकेतून आली, आणि तिच्या मागोमाग डिलिव्हरीवाला. पिशवीत काय, तर चिरलेली भेंडी. चिरलेली, चित्रा. प्लॅस्टिकच्या डबीत. मी सोफ्यावर बसलेले. डबीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, बस्स. एक अक्षर बोलले नाही, तुझी शपथ. तर ही म्हणते, “आई, प्लीज, मला जज करू नका.”

मी म्हटलं, “अगं, मी काय बोलले?”

“बोलला नाहीत. पण तुमची भुवई बोलली.”

आता साठी उलटल्यावर भुवईला वळण कुठून लावू? सान्वीच्या डिक्शनरीत बघितलं. न्यायाधीश, पंच, निवाडा करणे. मी तर आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, “तू घरातलं हायकोर्टच आहेस, त्यात नवीन काय?” आणि पेपर तोंडासमोर धरून हसत बसले.

हसण्यावारी नेलं असतं गं. पण काल सुदेश आणि ती गॅलरीत हळू आवाजात बोलत होते. घोडबंदर रोडला फ्लॅट बघतायत. एकुलता एक मुलगा भुवईपायी घर सोडून जाणार असेल तर मला निदान गुन्हा काय ते मराठीत कळू दे.

तुझं बरं आहे. हेमांगी दर रविवारी घोडबंदरवरून आईकडे येते. तू काय जादू करतेस तेही लिही.

तुझी
शीला


नौपाडा, ठाणे
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या चुका सात. दहावीत अकरा असायच्या, म्हणजे प्रगती आहे.

तुझा प्रश्न मात्र चांगला आहे. हे क्रियापद साधं दिसतं, पण चार घरी कामाला जातं. कोर्टात निवाडा देतं. शाळेच्या गॅदरिंगला परीक्षक होऊन नंबर काढतं. मी गोखले रोड ओलांडताना येणारी रिक्षा किती लांब आहे याचा अंदाज घेते, तिथेही इंग्रज हेच क्रियापद वापरतो. आणि एखाद्याबद्दल विचार करून मत बनवलं, तरी हेच. आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. सोनं पारखतात, धान्य जोखतात, माणसाला तोलतात, भांडणाचा निवाडा करतात. त्यात वाईट काही नाही.

तुझ्या सुनेचा अर्थ नवा आहे. तिला ‘निवाडा’ म्हणायचं नाही, कारण निवाड्याआधी दोन्ही बाजू ऐकतात. ‘नावं ठेवणं’ जवळ जातं, पण नावं ठेवायला तोंड उघडावं लागतं आणि तू ते उघडलं नव्हतंस असं शपथेवर सांगतेस. ती म्हणते आहे की, ‘माझं काही न ऐकता मनातल्या मनात माझा निकाल लावू नका.’ याला एका शब्दात मराठी नाही. असता तर आपल्या आयांनी तो आपल्याला ऐकवू दिला नसता.

गृहपाठ देते. आठवडाभर, मनात कोणाचाही निकाल लागला की वहीत टिपून ठेव. ऐश्वर्याचाच नव्हे, सगळ्यांचा. आणि तिच्या बाबतीत निकाल लागला की लगेच एक प्रश्न विचार. खरा प्रश्न, टोमणा नव्हे. ‘भेंडी तिथे धुऊन चिरतात का गं?’ हा प्रश्न नव्हे, हे तुला कळत असेलच.

हेमांगी मजेत आहे. मी तिला कधी काही बोलत नाही, एवढीच माझी जादू.

तुझी
चित्रा

ता. क. पुढच्या वेळी ‘डिक्शनरी’ऐवजी ‘शब्दकोश’ लिहिलंस तर पाव गुण वाढवीन.


डोंबिवली पूर्व
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय चित्राबाई, सप्रेम नमस्कार वि. वि.,

तुझ्या गृहपाठाने माझी झोप उडाली. पहिल्याच दिवशी दुपारी बारापर्यंत वहीचं पान भरलं. दूधवाला आळशी. समोरची मंजुळा देवळातसुद्धा गाऊनवर ओढणी टाकून येते, म्हणजे बेशिस्त. रिक्षावाला गुटखा खातो, म्हणजे घरी बायकोला त्रास देत असणार. हे चहा पिताना आवाज करतात, म्हणजे मुद्दाम करतात. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी, तिची तर मी लग्नापर्यंत चौकशी मनात करून ठेवलेली. मी एवढी कामाची बाई आहे हे मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वही ह्यांच्या हाताला लागली. स्वतःचं नाव सहा वेळा बघून म्हणाले, “फक्त सहा?”

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी परत चिरलेली फरसबी आली. मी आत निकाल लावून टाकला, वहीत ‘आळस’ असं लिहिलंसुद्धा. मग तुझा नियम आठवला. प्रश्न काय विचारावा सुचेना. ती डबी उघडत होती आणि झाकण निघेना, म्हणून मी विचारलं, “हाताला काय झालंय गं?”

तिने डबी खाली ठेवली. चित्रा, तीन महिने तिचं उजवं मनगट दुखतंय. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ती बँकेत घालते आणि घरी यायच्या आधी काढून पर्समध्ये ठेवते. सुरी धरली की बोटांना मुंग्या येतात. मी म्हटलं, “मग सांगायचं नाही?”

“तुम्ही म्हणाला असता, मोबाईलमुळे झालं.”

आणि तेच माझ्या ओठावर होतं.

फरसबी आता मी चिरते. ती म्हणते नको, मी म्हणते आण इकडे. पट्टा घरीही घालते. आणि हे वाच: एक मार्चला, शनिवारी, ती फ्लॅट बघायला जाणार आहे. सुदेशला ड्युटी आहे तर मला म्हणाली, “आई, तुम्ही येता?” मी लगेच हो म्हटलं. तो फ्लॅट हेमांगीच्या कॉलनीच्या शेजारीच आहे. तिच्यासाठी आमसुलं आणि तांदळाचे पापड घेऊन जाणार. तिला आधी सांगू नकोस, गंमत करायचीय.

तुझी
शीला


नौपाडा, ठाणे
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,

ऐश्वर्याचं वाचून बरं वाटलं. तुला दहापैकी नऊ.

शनिवारी हेमांगीकडे मात्र जाऊ नकोस. ती नसणार. ऑफिसच्या कामाने बाहेरगावी आहे. आणि असली तरी फार दमलेली असते, शिवाय घरात रंगकाम काढलं आहे. पापड माझ्याकडे ठेवून जा, ती रविवारी आली की मी देईन.

घाईत आहे. बाकी पुढच्या पत्रात.

चित्रा


डोंबिवली पूर्व
४ मार्च २०२५

प्रिय चित्रा,

तुझं पत्र काल, सोमवारी आलं. आम्ही शनिवारी जाऊन आलो. एवढी घाई होती तर फोन करायचास. पण फोनवर तुला खोटं बोलता येत नाही. शाळेतही यायचं नाही, निबंधात मात्र छान यायचं.

तर बाहेरगावी असलेल्या हेमांगीने स्वतः दार उघडलं. रंगकाम कुठेच नव्हतं. मला बघून दोन मिनिटं दारातच उभी राहिली आणि पहिला प्रश्न केला, “आईला काही झालं का?” त्यावरूनच मला काय ते कळलं. दर रविवारी आईला भेटणारी मुलगी असं विचारत नाही.

ऐश्वर्या शहाणी आहे. “मी खाली पार्किंग बघून येते,” म्हणून निघून गेली आणि अर्धा तास आलीच नाही.

मी काही खोदून विचारलं नाही. तिनेच सांगितलं. सव्वा वर्ष झालं, तू तिच्याकडे नाहीस आणि ती तुझ्याकडे नाही. तिच्या सासऱ्यांना, त्र्यंबकरावांना, टिटवाळ्याच्या बाजूला वृद्धांच्या केंद्रात ठेवलं त्या दिवशी तू तिथेच होतीस. तुझा जावई मुकुल त्यांची बॅग उचलत होता. आणि तू लिफ्टपाशी, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणालीस, “हेमांगी, माझीही एक खोली आत्ताच बघून ठेव, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.”

चित्रा, आणि तू मला लिहितेस की मी तिला कधी काही बोलत नाही. खरंच आहे म्हणा. बोलायला ती समोर कुठे आहे?

मी तुला रागावत नाहीये. रागवायला मी कोण, माझी वही अजून भरतेय. तू एकटी त्या घरात रविवारी काय करतेस, एवढंच मनात येत राहिलं. डोंबिवलीत आमच्याकडे रविवारी मटण असतं. तू खात नाहीस, पण वरण-भातही असतो.

हेमांगीने चहा दिला. ट्रे एकाच हाताने आणला, डावा हात सरळ होत नाही तिचा. मी विचारलं तर म्हणाली, “पडलेले.” मी पुढे काही विचारलं नाही.

पापड तिने ठेवून घेतले. आमसुलं अर्धी काढून परत दिली, म्हणाली, “आईला आवडतात.” ती माझ्याकडे आहेत. न्यायला तुलाच यावं लागेल.

शीला


नौपाडा, ठाणे
९ मार्च २०२५

सौ. शीला यांस,

आपलं पत्र मिळालं. माझ्या घरातल्या गोष्टींत लक्ष घालण्याची विनंती मी केल्याचं स्मरत नाही.

तू तिथे अर्धा तास होतीस. मी त्या दिवशी सकाळपासून होते. त्र्यंबकरावांनी लिफ्टच्या दाराची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. एकोणतीस वर्षं मुख्याध्यापक असलेला माणूस, लहान मुलासारखा रडत होता. माझी मुलगी त्यांचं एकेक बोट सोडवत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मी हे पाहिलं आहे. पाहिल्यावर माणसाचं मत बनतं. त्याला तुझ्या सुनेची भाषा लावू नकोस.

मी तिला असं वाढवलं नव्हतं.

चित्रा


डोंबिवली पूर्व
१९ मार्च २०२५

चित्रा,

उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलेलं. चार दिवस टिकले. रागाच्या पत्रात एकसुद्धा शुद्धलेखनाची चूक नाही, मी दोनदा तपासलं. मला ‘सौ. शीला यांस’ म्हणणारी तू पहिलीच. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “बँकेतून आलंय का?”

आमची बातमी देते आणि मग एकच बोलते. फ्लॅट ठरला. सुदेश, ऐश्वर्या आणि सान्वी दिवाळीनंतर जाणार, आम्ही दोघं इथेच. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तो फ्लॅट बघताना ऐश्वर्याने मला विचारलं, “आई, खरं सांगा, कसा वाटला?” मी म्हटलं, स्वयंपाकघर काळोखं आहे आणि ओट्याची उंची तुझ्या मनगटाला त्रास देईल. मला वाटलं, झालं, आता परत जज. तर तिने मोबाईलमध्ये ओट्याची उंची लिहून घेतली. म्हणाली, “मी विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, ते वेगळं.” तुझ्या शब्दकोशात घाल हे.

आता ते एक. तू जे बघितलंस ते खरंच असणार, तुझी नजर कधी चुकत नाही. पण तू तिला काही विचारलं होतंस का? मी विचारलं आणि तिने मला उडवून लावलं, कारण मी मावशी. तू आई आहेस. तिच्या डाव्या कोपराला काय झालं, एवढं विचार. मत नंतर बनव, ते कुठे पळून जात नाही.

तुझी (अजूनही)
शीला


नौपाडा, ठाणे
१ एप्रिल २०२५

प्रिय शीला,

पत्र जरा मोठं होईल. अक्षर वाईट आहे, समजून घे.

हेमांगीच्या दारात जायचा धीर झाला नाही. मुकुलला फोन करून त्या केंद्राचा पत्ता घेतला. त्याने का म्हणून विचारलं नाही. मी स्वतःला सांगत होते की त्र्यंबकरावांची विचारपूस करायला जाते आहे. खरं सांगू? माझं मत बरोबर होतं हे पाहायला निघाले होते. ते वाळलेले, एकटे, दाराकडे डोळे लावून बसलेले असतील, म्हणजे मी सुटले, असं काहीतरी मनात होतं. हे वाचून तुझी भुवई वर गेली तर मला चालेल.

परवा, रविवारी, सकाळी गेले. टिटवाळा स्टेशनवरून रिक्षाने वीस मिनिटं. बैठी इमारत, पुढे व्हरांडा, कुंड्यांतून तुळशी. मी फाटकातून आत आले आणि खांबापाशीच थांबले. त्र्यंबकराव खुर्चीत बसले होते, धुतलेला पांढरा सदरा, दाढी केलेली. समोर बुटक्या स्टुलावर हेमांगी. त्यांचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होती.

माझे रविवार रिकामे होते, शीला. तिचे नव्हते.

त्यांनी तिला ओळखलेलं नव्हतं. ते अगदी अदबीने बोलत होते. म्हणाले, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. आमच्या सुनेसारख्या नाही.”

“का, सून कशी आहे?” हिने खाली मान घालूनच विचारलं.

“चोर आहे. माझं घड्याळ घेत होती. मी काठी हाणली. कोपरावर बसली बरोबर.”

“बरं केलंत. आता दुसरा पाय द्या.”

वाटेत मी तू दिलेला प्रश्न घोकत गेले होते. तो विचारायची वेळच आली नाही.

मग तिने मला पाहिलं. उठली नाही, पाय मांडीवर होता. मी जवळ गेले. बाकीचं तिने त्यांच्यादेखतच सांगितलं, ते आपल्याच विचारात होते. ते दोनदा घरातून निघून हायवेवर गेले होते, एकदा फक्त बनियनवर. गॅस चालू ठेवायचे. तिचा कोपर मोडला तेव्हा दवाखान्यातही आणि मलाही तिने ‘पडले’ असंच सांगितलं होतं. मुकुलने विनवलं होतं, बाबांचे विद्यार्थी अजून पाया पडायला येतात, त्यांचं असं कोणाला कळायला नको. म्हणून कोणालाच कळू दिलं नाही.

“मला तरी सांगायचं होतंस,” मी म्हणाले.

“त्याच दिवशी सांगणार होते, आई. म्हणूनच तुला सकाळी लवकर बोलावलेलं. बाबा निघाले की तुला धरून रडायचं असं ठरवलेलं. त्याच्या आधीच तू लिफ्टपाशी बोललीस.”

मी तिथे खांबाला धरून उभी होते. ‘गैरसमज झाला’, ‘मला वाटलं’, ‘कोणत्याही आईला’, अशी बरीच वाक्यं तयार होती, सगळी व्याकरणशुद्ध. त्यातलं एकही वापरलं नाही. “माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. सदतीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून मी हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. वाटतं त्यापेक्षा लहान आहे ते.

हेमांगीने त्यांचा पाय अलगद खाली ठेवला. मग म्हणाली, “हाताची नखं राहिलीत. हात हलवतात फार. धरतेस का?”

मी खुर्चीशेजारी बसून त्यांचा हात धरला. ज्या बोटांसाठी मी मुलीशी सव्वा वर्ष बोलले नाही, ती बोटं अगदी मऊ आहेत. चौथ्या बोटापर्यंत त्यांनी मला निरखून पाहिलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “शिपाईणबाई, इथे काय करताय? किती वाजले? शेवटचा तास संपला, घंटा द्या.”

मी, चित्रा, एम. ए., बी. एड.! मी हेमांगीकडे पाहिलं. तिने शेजारच्या टीपॉयवरची स्टीलची थाळी आणि चमचा माझ्यापुढे सरकवला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण ती रडत नव्हती, ते मला कळलं.

मी उठले आणि घंटा दिली. एकदा दिली तर म्हणाले, “अहो, शाळा सुटायची घंटा, लांब द्या.” मग लांब दिली. व्हरांड्यातले सगळे म्हातारे वळून पाहायला लागले. एक आजोबा तर खरोखरच उठून काठी शोधू लागले. त्र्यंबकरावांनी डोळे मिटून ती संपेपर्यंत ऐकली. “हं,” म्हणाले, “जा आता घरी.”

आणि हेमांगी हसली. स्टुलावरून पडेल अशी, माझ्या दंडाला धरून.

तुझी
चित्रा